पहाटे साडेपाचची वेळ ‘खोटी’ कशी ठरली? पायथनचा बग १३९३६ आणि त्याचा पॅच

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

२०१६ च्या पावसाळ्यात मी एका छोट्या कंपनीत होतो. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. शेतकरी कॅन घेऊन येतो, दुधाचं माप होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, संगणकात नोंद होते आणि पावती हातात पडते. सकाळची पाळी किती वाजता सुरू करायची हे ज्या त्या केंद्राने ठरवायचं. कुणी काही भरलं नाही तर सहा धरायचे.

कोल्हापूरकडच्या एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. साडेपाचची वेळ भरली आहे, पण सहा वाजेपर्यंत संगणक नोंदच घेत नाही. बाहेर पाऊस, लोक कॅन घेऊन पत्र्याखाली उभे. आम्ही डेटाबेस उघडून पाहिला, तिथे साडेपाच व्यवस्थित दिसत होते. शेजारच्या गावात सव्वापाचला पाळी बिनबोभाट सुरू व्हायची, आणखी एका ठिकाणी पावणेसहाला. अडत होतं ते फक्त साडेपाचला. दोन दिवस आम्ही नेटवर्क, संगणकाचं घड्याळ, सगळं तपासलं. शेवटी सचिवांनीच पाच एकतीस भरून पाहिलं आणि केंद्र चालू झालं. फोनवर म्हणाले, “साहेब, तुमच्या मशीनला साडेपाचचंच वावडं हाय.”

आणि ते शब्दशः खरं निघालं. आमच्या कोडमध्ये एक ओळ होती : ‘इफ सुरुवात’. म्हणजे सुरुवातीची वेळ दिलेली असेल तर ती घे, नसेल तर सहा धर. सर्व्हर उबुंटू १४.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमचा, त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आवृत्ती ३.४. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला तो कॉलम टाइमझोनसकट होता, त्यामुळे वेळेच्या बरोबर ‘युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) पुढे साडेपाच तास’ ही माहितीही यायची. त्या पायथनमध्ये नियम असा होता की वेळेची मिनिटं करायची, त्यातून टाइमझोनचा फरक वजा करायचा, आणि बाकी शून्य राहिली तर ती वेळ ‘खोटी’, म्हणजे ‘इफ’च्या लेखी नाहीच. साडेपाच वजा साडेपाच, बाकी शून्य. भारतातल्या सकाळच्या बरोब्बर साडेपाचला पायथन म्हणत होता की वेळ दिलेलीच नाही.

शोधाशोध केल्यावर पायथनच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे चुका नोंदवण्याच्या जागेवर, १३९३६ क्रमांकाची नोंद सापडली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कुणीतरी हेच नोंदवलं होतं, मध्यरात्रीच्या बाबतीत. टाइमझोन नसलेली वेळ असेल तर रात्रीचे बारा खोटे. ती नोंद ‘हे ठरवून केलेलं आहे, दस्तऐवजात लिहिलेलं आहे, हा बग नाही’ असं म्हणून बंद झाली. २०१४ च्या मार्चमध्ये पायथनच्या ईमेल-यादीवर मोठी चर्चा झाली, नोंद पुन्हा उघडली आणि पायथन ३.५ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०१५ मध्ये, ते वागणं काढून टाकलं गेलं. आम्ही डोकं आपटत होतो तेव्हा दुरुस्ती होऊन वर्ष होत आलं होतं. आमचा सर्व्हर एक आवृत्ती मागे होता, एवढंच.

आता माझं म्हणणं. ‘दस्तऐवजात लिहिलंय म्हणून तो बग नाही’ हे उत्तर मला पटत नाही. तेव्हा पटलं नाही आणि आजही नाही. तुमचं काय मत?

जुना_कोडकरी

लेख आवडला, पण चूक तुमच्या ओळीत होती हे आधी मान्य करू. ‘दिलंय का’ असं विचारायचं असेल तर ‘इफ सुरुवात इज नॉट नन’ असंच लिहायला हवं; नन म्हणजे ‘काहीच दिलेलं नाही’. पायथनच्या शैलीची नियमावली म्हणजे पेप ८. तिच्यात नेमका हा इशारा आहे : नन आहे का हे पाहायचं असेल तर नुसतं ‘इफ’ वापरू नका, कारण आलेली किंमत अशा प्रकारची असू शकते जी ‘खोटी’ ठरते.

तारीख-वेळ सांभाळणारं डेटटाइम हे मॉड्यूल २००३ साली पायथन २.३ बरोबर आलं. त्या भाषेत शून्य आकडा खोटा, रिकामी यादी खोटी, रिकामी स्ट्रिंग खोटी, शून्य कालावधी खोटा. मग शून्य वेळ खोटी ठेवली तर त्यात विसंगती कुठे आहे? लिहिणाऱ्यांनी विचार करून ठेवलं आणि लिहूनही ठेवलं. अकरा-बारा वर्षं जगभरचा कोड त्यावर चालला. एखादा माणूस त्यावर विसंबून असेल, तर उद्या तुम्ही ते बदलल्यावर त्याचं केंद्र बंद पडणार नाही का? मी ३० वर्षं जुनी सॉफ्टवेअर सांभाळतो आहे. ‘छोटीशी सुधारणा’ हा शब्द ऐकला की मला रात्री जागलेल्या तारखा आठवतात.

पहाटपाळी

सर, ओळ चुकीची होती हे शंभर टक्के मान्य. दुसऱ्या दिवशी आम्ही तशा ४० जागा दुरुस्त केल्या.

पण मला ‘शून्य’ या शब्दाशीच भांडायचं आहे. यादी रिकामी असते म्हणजे तिच्यात काही नसतं. शून्य रुपये म्हणजे पैसे नाहीत. रात्रीचे बारा म्हणजे वेळ नाही असं होतं का? बारा ही अकरा किंवा एकइतकीच धडधाकट वेळ आहे. त्याच मॉड्यूलमध्ये तारीख कधीच खोटी नसते. तारीख आणि वेळ एकत्र असलेली वस्तूही कधी खोटी नसते, मग ती मध्यरात्रीची का असेना. फक्त सुटी वेळ तेवढी खोटी. त्यामुळे ज्याने पूर्ण तारीख-वेळ वापरून सवय लावून घेतली, तो सुट्या वेळेपाशी येऊन फसतो.

आणि हे कधी कळतं? दिवसभर चाचणी करा, सगळं हिरवं. दिवसातल्या एका मिनिटाला, तेही सेकंद शून्य असतील तरच, ते तुटतं.

ओंटारिओकर

मी कॅनडातून वाचतोय. इथली गंमत वेगळीच आहे, आणि तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा मला तोच वाटतो.

आमचा हिवाळ्यातला फरक युटीसीच्या मागे पाच तास. युटीसीची मध्यरात्र होते तेव्हा इथे संध्याकाळचे सात. मग ‘युटीसीची मध्यरात्र खोटी’ या नियमाने इथे सातची वेळ खोटी ठरायला हवी. गणित करून बघा. १९ तासांची ११४० मिनिटं. त्यातून वजा पाच तास वजा करायचे, म्हणजे ३०० मिळवायची. झाली १४४०. हे पूर्ण २४ तास झाले, पण शून्य नव्हे! जुना कोड २४ तासांवरून पुन्हा शून्यावर आणत नव्हता, त्यामुळे सात वाजता वेळ खरीच राहायची.

म्हणजे युटीसीच्या पूर्वेला रोज एक खोटी वेळ, आणि पश्चिमेला एकही नाही. भारतात साडेपाच, नेपाळमध्ये पावणेसहा, जपानमध्ये नऊ. टाइमझोन लावलेला असेल तर भारतातले रात्रीचे बारा मात्र खरे! जुना_कोडकरी सर, ‘शून्य वेळ खोटी’ हे तत्त्व म्हणून मी एक वेळ मान्य करीन, पण जे कोडमध्ये होतं ते त्या तत्त्वालाही धरून नव्हतं.

जुना_कोडकरी

ओंटारिओकर, हे मला माहीत नव्हतं. कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. हा मुद्दा वजनदार आहे.

तरी माझी भीती कायम आहे. बदल करायचाच असेल तर तो कसा केला हे महत्त्वाचं.

नदीकाठ

त्याबद्दल मी लिहू शकते. पायथनच्या दस्तऐवजात माझी दोन छोटी दुरुस्त्यांची कामं स्वीकारली गेली आहेत, त्यामुळे ती वाट थोडी चाललेली आहे.

सर, तुमच्या भीतीची दखल तिथे नियमातच आहे. वागणं बदलणारी गोष्ट चालू आवृत्तीच्या दुरुस्ती-प्रकाशनात जात नाही, पुढच्या मोठ्या आवृत्तीत जाते. म्हणून ३.४ शेवटपर्यंत जुनीच राहिली. २.७ तर २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत मध्यरात्रीला खोटं म्हणत राहिली. ज्यांना नवं नको होतं त्यांच्यावर काही लादलं गेलं नाही. ३.५ च्या दस्तऐवजात मात्र स्पष्ट टीप आली, आणि ती अजून तिथे आहे : आधीचं वागणं दुर्बोध होतं, त्यात चुकायला वाव होता, म्हणून ते काढलं, आणि सविस्तर माहितीसाठी १३९३६ पाहा. चूक पुसून टाकली नाही, तिचा नंबर लिहून ठेवला. मला ती टीप फार आवडते.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, स्वतः वाचण्यासारखा आहे. त्यात नवं काही लिहिलेलं नाही, जुनं काढलेलं आहे. पायथनमध्ये एखाद्या वस्तूने ‘मी खरी की खोटी’ हे सांगणारी पद्धत लिहिलीच नाही, आणि लांबी सांगणारीही लिहिली नाही, तर ती वस्तू नेहमी खरी धरली जाते. म्हणजे वेळेच्या वर्गातली ती एक पद्धत उडवली की काम झालं. पण ती दोन ठिकाणांहून उडवावी लागते, कारण डेटटाइम दोनदा लिहिलेलं आहे : एकदा सी भाषेत, वेगासाठी, आणि एकदा शुद्ध पायथनमध्ये. दोन्हींवर एकाच चाचण्या चालतात. एकीकडे विसरलात तर चाचणी लगेच बोंब मारते.

आणि चाचण्यांमध्ये काय होतं माहीत आहे? ‘पाच वाजता, फरक पुढे पाच तास’ ही वेळ खोटीच असली पाहिजे, असं तपासणारी ओळ होती. पॅचमध्ये ‘खोटी’ची ‘खरी’ झाली. एका शब्दाचा बदल. त्या एका शब्दामागे दोन वर्षं आहेत.

पहाटपाळी

नदीकाठ, ती चाचणीची ओळ वाचून अंगावर काटा आला. आमचं केंद्र त्या ओळीत अर्ध्या तासाच्या फरकाने बसलेलं होतं.

मोगरा

दादा, ताई, मी नांदेडला तिसऱ्या वर्षाला आहे. एक शंका आहे. २०१२ मध्ये ‘बग नाही’ म्हणून बंद केलेली नोंद २०१४ मध्ये कशी उघडते? आमच्याकडे तर कॉलेजच्या तक्रार वहीत एकदा ‘निकाली’ लिहिलं की संपलं.

नदीकाठ

मोगरा, चांगला प्रश्न. ट्रॅकरवर ‘बंद’ ही फक्त एक खूण असते, कुलूप नव्हे. बंद नोंदीवरही लिहिता येतं, आणि लोक लिहितात. आपल्यालाही तोच फटका बसला की शोधत शोधत माणूस तिथेच पोहोचतो, कारण नंबर एकच असतो. २०१४ मध्ये तेच झालं. ज्याला फटका बसला तो तिथे आला, मग विषय कल्पनांच्या यादीवर गेला आणि बऱ्याच लोकांनी लिहिलं. तिथे उपयोगी पडला तो आवाज नव्हे, उदाहरणं पडली. ‘हे कुरूप आहे’ म्हटल्यावर कुणी हलत नाही. ‘हा माझा दहा ओळींचा कोड, तो २३ तास ५९ मिनिटं बरोबर चालतो आणि मग असा चुकतो’ म्हटल्यावर समोरच्याला स्वतः चालवून बघावं लागतं. ओंटारिओकरांनी वर दिलंय तसं उदाहरण.

जागा मात्र बदलत गेल्या. १३९३६ च्या काळी पायथनचा ट्रॅकर राउंडअप नावाच्या प्रणालीवर होता. तुम्ही पॅचची फाइल नोंदीला जोडायची, कुणीतरी ती वाचून ओळीओळीवर शेरे मारायचं, तुम्ही दुसरी फाइल जोडायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोड गिटहबवर गेला आणि फाइलऐवजी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्या अशी विनंती) आली. नोंदी तेव्हा जुन्या जागीच राहिल्या. त्या एप्रिल २०२२ मध्ये हलल्या, जुन्या नंबरांच्या खुणा जपून. म्हणून १३९३६ आजही शोधता येतो.

तुला करायचं असेल तर : आधी योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही, मग स्वतःच्या मशीनवर पायथन बांधून चाचण्या चालवणं. माझा पहिला अख्खा रविवार त्यातच गेला होता. बदलाबरोबर चाचणी हवी आणि दोन ओळींची बातमी-नोंद हवी, जी पुढे ‘काय बदललं’ या यादीत जाते. मग वाट बघायची. कधी दोन दिवस, कधी काही महिने. बहुतेक परीक्षक हे काम आपल्या मोकळ्या वेळात करतात, म्हणून आठवण करताना गोड शब्दांत करावी.

मोगरा

मग मला वाटतं माझ्याकडे एक बग आहे. किंवा ‘बग नसलेला’ बग.

मी आजोबांची जुनी पत्रं टाइप करतेय. त्यांत कुठले शब्द किती वेळा येतात ते मोजायचं होतं. पुस्तकात दिलं होतं की मजकुरात नमुने शोधणारं आरई मॉड्यूल घ्या आणि ‘बॅकस्लॅश डब्ल्यू अधिक’ (शब्दातल्या अक्षरांची सलग रांग) वापरा, म्हणजे शब्द सुटे होतात. मी ‘मराठी’ या एका शब्दावर चालवून पाहिलं. उत्तर आलं दोन तुकडे : ‘मर’ आणि ‘ठ’. काना गेला, वेलांटी गेली. आजोबांच्या पहिल्या पत्रात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द म्हणून मला ‘त’ मिळाला. मला वाटलं माझा संगणक बिघडला.

ओंटारिओकर

संगणक ठीक आहे. आरईसाठी ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने) ज्याला अक्षर किंवा अंक म्हटलं आहे ते, आणि अधोरेषा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याचं चिन्ह, हे सगळं युनिकोडच्या वर्गवारीत ‘चिन्ह’ आहे, अक्षर नाही. म्हणून शब्द तिथे तिथे कापला जातो. त्याच कारणाने ‘मराठी’ला ‘इजअल्फा’ (सगळी अक्षरंच आहेत का) विचारलं तर खोटं येतं.

विचित्र हे की व्हेरिएबलचं नाव ‘मराठी’ ठेवलं तर पायथन ३ खुशाल घेतो. नावांसाठी दुसरा नियम आहे, त्यात ही चिन्हं चालतात. एकाच भाषेत एक दार उघडं आणि दुसरं बंद.

नदीकाठ

मोगरा, ही तक्रार ट्रॅकरवर आहे. एप्रिल २००७ ची, नंबर १६९३०५०. लिहिणाऱ्याने उदाहरणच देवनागरीचं दिलं होतं : शब्दांचे बारीक तुकडे होतात म्हणून. २०११ मध्ये युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनसाठीच्या (आरईसारख्या नमुना-शोधासाठीच्या) शिफारशींचा दाखला देऊन आणखी एक नोंद झाली. त्या शिफारशींनुसार चिन्हंसुद्धा शब्दाचा भाग धरायला हवीत. आरई अजून तसं वागत नाही. आणि आता दस्तऐवजात ते नेमकेपणाने लिहिलेलंही आहे.

तुझं काम अडू नये म्हणून : ‘रेजेक्स’ नावाचं बाहेरचं मॉड्यूल बसव. त्यात ‘मराठी’ अखंड राहते.

पहाटपाळी

म्हणजे पुन्हा तेच. दस्तऐवजात लिहिलंय. पण आजोबांचं पत्र तर तुटलं ना! दस्तऐवज काय होतं ते सांगतो. तसं व्हायला हवं का, हे ते वापरणाऱ्याने सांगायचं असतं. आणि देवनागरीच्या बाबतीत आपल्याइतकं जवळून ते कोण सांगणार?

जुना_कोडकरी

इथे मी तुमच्या बाजूला आहे, एका अटीवर. मध्यरात्र खोटी मानण्यावर फार कमी कोड विसंबून होता. ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ जगातल्या प्रत्येक दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. पासवर्ड तपासणारे, फाइलींची नावं गाळणारे, लॉग वाचणारे. तो एका रात्रीत बदलला तर काय काय हलेल याचा अंदाज कुणालाच येणार नाही. तिथले लोक थांबले आहेत ते देवनागरीची पर्वा नाही म्हणून, असं मी मानत नाही. म्हणून ‘बदला’ म्हणून आणखी एक ओळ लिहू नका, तिने काही होणार नाही. काय तुटतं त्याची नीट यादी द्या. चाचण्या लिहून द्या. ते काम कधी वाया जात नाही.

आणि यादी मराठीची द्या. हिंदीत न येणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’.

मोगरा

सर, ‘दऱ्या’चं काय?

जुना_कोडकरी

दर्या म्हणजे समुद्र, त्यावर रफार. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, त्यात अर्धा र आडवा. संगणकात तो आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला वेगळा र, मग पाय मोडल्याचं चिन्ह. दुसरी तऱ्हा जुनी : साधा र, पाय मोडलेला, आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. ते चिन्ह युनिकोडमध्ये अक्षरही नाही आणि काना-मात्रेसारखं ‘चिन्ह’ही नाही, त्याचा तिसराच वर्ग आहे. उद्या कुणी घाईने पॅच केला आणि फक्त काना-मात्रा सामावून घेतल्या, तर ‘मराठी’ जुळेल, पण जुन्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘दर्‍या’ तुटलेल्याच राहतील. शिफारशीत जोडचिन्हंही धरा असं म्हटलेलं आहे. पॅच वाचणाऱ्या परदेशी माणसाला हे कुठून सुचणार?

नदीकाठ

सर, हे नोंदीवर जायलाच हवं. मोगरा, चाचणी तू लिही, मी तपासते. प्रत्येक शब्दाच्या शेजारी तो का घेतला ते एका ओळीत इंग्रजीत लिही, म्हणजे वाचणाऱ्याला लिपी येत नसली तरी कळेल.

मोगरा

काल रात्री बसले. १४ शब्द झाले. मराठी, पाऊस, दुःख, अंक, क्षण, ज्ञान, कृष्ण, बाग्, ऑफिस, ॲप, दर्या, आणि दऱ्या दोन्ही तऱ्हांनी. चौदावा आजोबांच्या पत्रातला आहे, ‘तुझ्यासारख्या’. आरईने त्याचे चार तुकडे केले : ‘त’, ‘झ’, ‘य’, ‘स’, ‘रख’ आणि शेवटी ‘य’.

पहाटपाळी

मोगरा, मोज बरं. सहा होतात.

मोगरा

हो दादा, सहा. चाचणीत सहाच लिहिलेत, इथे टाइप करताना चुकलं. ताई, फाइल तुम्हाला पाठवली आहे.

नदीकाठ

मिळाली. ‘बाग्’ का घेतलास ते लिहायचं राहिलंय. बाकी चालवून बघतेय, उद्या संध्याकाळपर्यंत शेरे देते.